पिशवी अर्धीच भरली

"पॅटर्न एसएस आहे," डॉक्टर म्हणाले. "लग्नाआधी तुम्हा दोघांची तपासणी झाली होती का?"

झाली नव्हती. आमच्याकडे लग्न जुळवताना मुलाचं काम पाहतात, मुलीचा रंग पाहतात, घरात किती माणसं खाणारी आहेत ते पाहतात. रक्त कोणी पाहत नाही.

मैत्री, माझी थोरली, तेव्हा आठ महिन्यांची होती. तिच्या दोन्ही हातांचे पंजे सुजले होते. बोट लावलं तरी किंचाळायची. सासूबाईंनी मीठ-मिरची ओवाळून टाकली. शेजारणीने एरंडाचं पान बांधायला सांगितलं. मी तिला उचललं आणि सरकारी दवाखान्याच्या लाइनीत जाऊन उभी राहिले. सिकलसेल हा शब्द मी कॉलेजात असताना भिंतीवरच्या पोस्टरवर वाचला होता. तो आपल्या घरचा शब्द आहे हे त्या दिवशी कळलं.

तुमच्या घरीही कोणाचा असा रिपोर्ट आला असेल, तर साध्या भाषेत सांगते. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि लवकर मरतात. अडकल्या की जीव जाईल असं दुखतं. मरतात म्हणून रक्त सारखं कमी होतं. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर एसएस, म्हणजे रोगी. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, म्हणून त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. मी एएस निघाले. माझा नवरा संदीप, तोही एएस.

संध्याकाळी काटोलला आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आपल्या राहुललेही हेच होतं का वं?"

राहुल माझा धाकटा भाऊ. आम्ही काटोलला बाजाराच्या मागे भाड्याच्या खोलीत राहायचो. बाबा संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकायचे, आई फळं निवडायची. बहार संपला की पेट्या नाहीत, आणि पेट्या नाहीत तर घरात भाजी नाही. राहुलचे पाय दुखायचे. रात्र रात्र रडायचा. आई त्याच्या पिंढऱ्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घट्ट बांधायची. बाबा म्हणायचे, वाढीचं दुखणं आहे, पोरगा उंच होईल. तो चौथीत असताना तापाने गेला. कशाने गेला हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गरीब माणूस डॉक्टरला प्रश्न विचारत नाही, फक्त मान हलवतो.

मी मान हलवणारी नाही. आमच्या खानदानात बी.कॉम. झालेली मी पहिली. बाबांच्या हातोडीवर शिकले आणि त्याचा मला अभिमान आहे. जरीपटक्यात एका कापडाच्या होलसेल दुकानात मी अकाउंट्स सांभाळते. न समजलेला आकडा मी पुढे जाऊ देत नाही, मग समोर शेठ असो की डॉक्टर.

पण प्रश्न विचारल्याने दुखणं थांबत नाही. मैत्रीचं लहानपण दवाखान्याच्या बाकावर गेलं. ताप आला की भरती. थंडीत खेळली की भरती. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायली तरी भरती. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, उतरलं की रक्ताची पिशवी. हळूहळू आमच्या घराला पिशव्यांची सवय झाली. दुसऱ्यांच्या घरी पाहुणा आला की चहा विचारतात. आमच्याकडे येणारा दारातूनच विचारायचा, "एचबी किती आहे पोरीचा?" संदीप कूलर आणि फ्रिज दुरुस्त करतो. त्याचे दोस्त आळीपाळीने रक्त द्यायचे. सासूबाई म्हणायच्या, "चेहरा पांढरा पडला पोरीचा, पिशवी आणा." जशी घरात साखर संपली की आणतात तशी. पुढे जे झालं ते याच सवयीतून झालं, म्हणून हे लिहिते आहे.

मैत्री पाच वर्षांची झाली तेव्हा तिच्या डोक्याची एक तपासणी झाली, ट्रान्सक्रेनियल डॉपलर. मेंदूच्या नसांमधून रक्त किती वेगाने वाहतं ते त्यात कळतं. वेग जास्त निघाला. रक्तविकाराचे डॉक्टर मऊ बोलणारे होते, पण त्यांनी काही लपवलं नाही.

"हिला पॅरालिसिसचा धोका आहे. नेमाने रक्त चढवत राहिलो तर धोका कमी होईल, जाणार नाही. कायमचा इलाज एकच, बोनमॅरो ट्रान्सप्लांट."

बोनमॅरो म्हणजे हाडातला मगज, रक्त तिथे तयार होतं. निरोगी माणसाचा मगज रोग्याला देतात. पण तो जुळावा लागतो, आणि जुळण्याची सगळ्यात चांगली शक्यता सख्ख्या भावंडात, तीही चारात एक.

त्याच सुमारास मला पुन्हा दिवस गेले. औषधासाठी मूल आणलं, असं काही नातेवाईक माझ्या तोंडावर बोलले. औषधासाठी आणलं नव्हतं. पण मनात आशा नव्हती असंही मी म्हणणार नाही. तिसऱ्या महिन्यात वारेचा कण काढून तपासतात ती तपासणी केली. बाळ एएस निघालं. आजारी नाही, वाहक. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. मैत्रीच्या जन्मानंतर चांगला रिपोर्ट हातात पडण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता मुद्द्यावर येते.

रक्तविकाराचे डॉक्टर म्हणाले, बाळंतपणाच्या वेळी नाळेतलं रक्त जमा करून ठेवू. त्याला कॉर्ड ब्लड म्हणतात. त्यातही मगजासारख्याच नवं रक्त बनवणाऱ्या पेशी असतात. जुळलं, आणि पेशी पुरेशा निघाल्या, तर बाळाला सुई न लावता मैत्रीचा ट्रान्सप्लांट होऊ शकतो. नाहीतर बाळ मगज देण्याइतकं मोठं होईपर्यंत थांबावं लागेल.

बाळंतपणाच्या मॅडमनी दुसरंच सांगितलं. बाळ बाहेर आलं तरी त्याचं बरंचसं रक्त वारेत असतं. नाळ थोडा वेळ नाडीसारखी उडत राहते आणि ते रक्त बाळात जात राहतं. म्हणून आता निदान एक मिनिट तरी थांबून मग नाळेला चिमटा लावतात. याला डिलेड कॉर्ड क्लॅम्पिंग म्हणतात. बाळाला लोह मिळतं, पुढे रक्त कमी पडत नाही. थोडी कावीळ होऊ शकते, ती निळ्या लाइटखाली ठेवून बरी होते. पूर्वी लगेच कापायचे.

मी विचारलं, "मॅडम, थांबलो तर पिशवीत किती येईल?"

"कमी येईल. रक्त एकच आहे ना. बाळात गेलं तर पिशवीत कुठून येणार?"

"मग आमच्यासाठी काय बरोबर?"

"यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे. घरात आजारी भावंड असेल तर लगेच कापून पिशवी भरावी असं काही म्हणतात. मी म्हणते, जन्माला येणारं बाळ माझं पेशंट आहे. दिवस पूर्ण भरलेलं धडधाकट बाळ असेल तर मधला मार्ग काढू. बघू."

बघू, यावर महिने गेले. इथे मला तुम्हाला एक सांगायचं आहे. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगत असतील तर दोघांना एकाच वेळी, एकाच टेबलाशी बसवा. ते सगळ्यांनाच जमत नाही, मला माहीत आहे. मलाही जमलं नाही. मी एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगत ओपीडीच्या जिन्यावर वरखाली करत राहिले.

आठवा महिना लागला आणि माझा बीपी चढला. पाय सुजले, डोळ्यांपुढे चमकायला लागलं. मॅडमनी भरती केलं आणि सांगितलं, बाळ लवकर काढावं लागेल, उद्या सकाळी सिझर. बाळाचं वजन दीड किलोच्या आसपास भरेल. मग म्हणाल्या, "आता मधला मार्ग नाही. एवढ्या लहान बाळाला ते रक्त जास्त लागतं. असं बाळ कमी रक्तावर आलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती वाढते. माझा सल्ला थांबण्याचा आहे. पण हरकत असेल तर आत्ता सांगा."

त्या दुपारी वॉर्डात माझ्या खाटेभोवती जे बोलणं झालं ते मी विसरू शकत नाही. सासूबाई, संदीप आणि काटोलहून आलेली माझी आई.

संदीप म्हणाला, "लवकर कापू दे. पिशवी भरली पाहिजे. डॉपलरचा रिपोर्ट विसरली का तू?"

"बाळ दीड किलोचं आहे," मी म्हणाले.

"बाळाले रक्त कमी पडलं तर चढवू ना!" सासूबाई म्हणाल्या. "थोरलीले पाच वर्षं चढवूनच राहिलो का नाही? एक पिशवी आणली का झालं. एवढुश्या जीवाले किती लागते!"

आणि खरं सांगते, मलाही तेव्हा ते पटलं. आमच्या घरात रक्त ही आणायची वस्तू होती. कमी पडलं की भरायचं. दुसऱ्या कुठल्या घरात हा विचार कोणाच्या डोक्यातही आला नसता. आम्हाला तो इतका साधा वाटत होता की त्यात काही चूक असेल असं कोणालाच वाटलं नाही.

आई हळूच म्हणाली, "आमच्याकडे तर वार पडल्याबिगर नाळच नव्हते कापत."

सासूबाई तिच्याकडे वळल्या. "म्हणून तुमच्याकडली पोरं जगली का सारी?"

आईने डबा उचलला आणि ती बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. संदीप म्हणाला, "काय बोलून राहिली तू, माय?" सासूबाईंच्याही लक्षात आलं असावं. त्या माझ्या चादरीची घडी करत बसल्या, उघडली, पुन्हा केली.

तेवढ्यात नवजात बाळांचे डॉक्टर राउंडला आले. वयाने तरुण होते, थकलेले. मी त्यांना सरळ विचारलं, "सर, नाळ लवकर कापली आणि बाळाला रक्त कमी पडलं, तर नंतर पिशवीने भरता येत नाही का?"

ते खाटेच्या कडेला टेकले. म्हणाले, "पिशवी मिळेल. पण कमी पडल्यावर ना? कमी पडतं ते त्या पहिल्या मिनिटांतच. त्या वेळी मेंदूला जे सोसावं लागेल ते नंतरच्या पिशवीने परत येत नाही. आणि ती पिशवी दुसऱ्याच्या रक्ताची. हे तिचं स्वतःचं आहे, तिच्याकडेच चाललेलं आहे. आपण फक्त मध्ये पडायचं की नाही एवढंच ठरवायचं आहे."

पोटात मुलगी आहे की मुलगा हे कोणालाच माहीत नव्हतं. ते सहज 'तिचं' म्हणाले असतील. सासूबाईंनी मान फिरवली. संदीप म्हणाला, "अन् आमच्या थोरलीचं काय सर?"

"तिचं रक्तविकारवाले सर सांगतील. मी खोटी आशा देणार नाही. एवढ्या लहान बाळाची पिशवी लगेच कापूनही पुरेल याची खात्री नाही."

डॉक्टर गेले. काही ठरलं नाही.  त्याच्या मनात मैत्री होती. माझ्या मनात दोन्ही लेकरं होती, आणि त्यातलं एक अजून कोणी पाहिलंही नव्हतं.

सकाळी मला आत नेलं. कमरेत सुई दिली, खालचं अंग बधिर झालं, पण मी जागी होते. पोटावर हिरवा पडदा. पायाशी कॉर्ड ब्लड घ्यायला आलेला लॅबचा माणूस पिशवी घेऊन उभा. एक सिस्टर आत आली आणि म्हणाली, "मॅडम, बाहेर मिस्टर म्हणून राहिले, नाळ लगेच कापा. दोनदा सांगितलं त्यांनी."

मॅडमचे हात थांबले नाहीत. त्यांनी पडद्यावरून मला विचारलं, "ऐकलं ना? सही तुझी आहे. बाळ रडलं तर मी थांबणार आहे. नाही रडलं तर थांबता येणार नाही, कापून लगेच डॉक्टरांकडे द्यावं लागेल. तुला लगेच कापायचं असेल तर आत्ता बोल."

मला मैत्री दिसली. पायाला गरम पाण्याची पिशवी लावून बसलेली, मला विचारणारी, "आई, बाळ माझ्यासाठी काय आणणार आहे?" कोणीतरी तिला सांगितलं होतं, बाळ तुझं दुखणं घेऊन जाणार म्हणून.

मी म्हणाले, "थांबा."

थोड्या वेळाने एक आवाज आला. पाणी संपल्यावर कूलरचा पंप घरघरतो तसा. मग पुन्हा, जरा मोठा. "रडली," कोणीतरी म्हणालं. "मुलगी आहे."  सगळे थांबले होते. लॅबचा माणूस एकदाच म्हणाला, "मॅडम, व्हॉल्यूम..." आणि मॅडम म्हणाल्या, "माहीत आहे." छताच्या दिव्याकडे बघत मी पडून होते. त्या एका मिनिटात एका मुलीला जे मिळत होतं ते दुसरीचं जात होतं. हे कोणाला सांगून कळायचं नाही.

पिशवी अर्धीच भरली.

धाकटीचं नाव समीक्षा. ती काचेच्या पेटीत होती, नाकाला श्वासाची नळी. तिसऱ्या दिवशी कावीळ झाली आणि तिला निळ्या लाइटखाली ठेवलं. सासूबाई काचेतून बघून म्हणाल्या, "पाहा, रक्त जास्त झालं म्हणून पिवळी पडली."  कावीळ उतरली. तिच्या डोक्याची सोनोग्राफी झाली, रक्तस्राव नव्हता. घरी येईपर्यंत तिला एकदाही रक्त चढवावं लागलं नाही. संदीप रोज डबा आणायचा, माझ्या हातात द्यायचा आणि मुलीला बघून निघून जायचा. माझ्याकडे बघायचा नाही.

मग एचएलए रिपोर्ट आला. एचएलए म्हणजे पेशींची ओळखखूण, त्यावरून जुळतं की नाही ते कळतं. समीक्षाची खूण मैत्रीशी पूर्ण जुळत होती. चारात एक, ती हीच.

आणि पिशवीत पेशी कमी होत्या. मैत्रीच्या वजनाला पुरणार नव्हत्या.

रक्तविकाराचे डॉक्टर म्हणाले, "थांबू. धाकटी मोठी झाली की तिचा मगज घेऊ. ही पिशवी सोबत वापरता येते का तेही बघू." संदीपने तिथेच, त्यांच्या समोर, मला विचारलं, "आता खुश आहे का?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

आम्ही थांबलो. पिशव्या चालू राहिल्या. समीक्षा पालथी पडली, रांगली, भिंत धरून उभी राहिली. प्रत्येक वेळी आम्ही मनातल्या मनात तिचं वजन बघायचो. आपल्या मुलीकडे असं बघणं चांगलं नाही, पण आम्ही बघायचो.

समीक्षा दीड वर्षाची होती. मैत्री सकाळी शाळेसाठी तयार होत होती. बुटाची लेस बांधता येईना. मी म्हणाले, "नखरे नको करू." ती म्हणाली, "आई, हा हात माझं ऐकून नाही राहिला." तिच्या तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती.

पॅरालिसिस. डॉपलरनंतर डॉक्टरांनी ज्याची भीती सारखी दाखवली होती, तेच. नेमाने रक्त देऊनही झालं. कधी कधी होतं, असं ते म्हणाले.

आयसीयूच्या बाहेर सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते की त्या बोलतील. त्या म्हणाल्या, "चहा पिऊन घे. सकाळपासून काही नाही पोटात." तेवढंच. त्यांनी काही म्हटलं असतं तर मी भांडले असते. मग मी तिथेच भिंतीला टेकून विचार करत राहिले. त्या दिवशी "कापा" म्हणाले असते तर? पिशवी भरली असती? पुरली असती? आणि समीक्षाच्या डोक्यात रक्तस्राव झाला असता तर? या प्रश्नांची उत्तरं मी तिन्ही डॉक्टरांना विचारली आहेत, लाजले नाही. तिघांनीही एकच सांगितलं, कोणी सांगू शकत नाही.

म्हणून मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही, लवकर कापा असंही म्हणणार नाही. इतकंच सांगेन की हे सिझरच्या टेबलावर ठरवायची वेळ येऊ देऊ नका. आणि "नंतर चढवू" हा शब्द घरात कोणी काढला तर त्याला तिथेच थांबवा, डॉक्टरांना विचारा नंतर म्हणजे काय. लग्नाआधी रक्त तपासा. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

मैत्री हळूहळू चालायला लागली. सासूबाई रोज दुपारी तिचा डावा हात मांडीवर घेऊन एकेक बोट उघडायच्या, मिटायच्या. तिला मोजायला लावायच्या. संदीप आणि मी पुन्हा बोलायला लागलो, आधी फक्त औषधांबद्दल.

पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात ट्रान्सप्लांट झाला. तो कसा झाला, खर्च कसा उभा राहिला, ती वेगळी गोष्ट आहे. समीक्षाला भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढला. तिला बाहेर आणलं तेव्हा ती माझ्यावर इतकी चिडली होती की दोन दिवस तिने मला हात लावू दिला नाही, आजीच्याच कडेवर राहिली. मैत्री काचेपलीकडच्या खोलीत होती, ट्रान्सप्लांटआधीच्या जड औषधांनी केस गेलेली, तोंडात फोड आलेली. एक आठवडा असा होता की डॉक्टर आमच्याशी नजर मिळवत नव्हते. त्या आठवड्यात संदीप मला म्हणाला, "त्या दिवशी तुले एकटीले विचारलं त्यांनी. मी बाहेर होतो. मले ठरवा लागलं नाही, बरं झालं." तो एवढंच बोलला. मी ते माफी म्हणून घेतलं नाही, दोष म्हणूनही नाही.

मगज रुजला. मैत्रीचा पॅटर्न आता एएस येतो, बहिणीसारखाच.

मैत्री नऊ वर्षांची आहे. डाव्या हाताची मूठ पूर्ण मिटत नाही, आणि मिटणार नाही असं डॉक्टर म्हणतात. समीक्षा बालवाडीत जाते. गेल्या वर्षभरात माझ्या दोन्ही मुलींपैकी कोणालाही रक्ताची पिशवी लागली नाही.